प्रवक्ता नसलेल्या समाजाची बातमी

२९ मार्च २०२४ हा गुड फ्रायडेचा दिवस. त्या दिवशी आंद्रेस फ्रॉइंड या अमेरिकेत काम करणाऱ्या जर्मन अभियंत्याने संगणक-सुरक्षेच्या जाणकारांपुढे एक निवेदन ठेवले. दूरच्या संगणकाशी संबंध जोडताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब का होतो, याचा छडा लावीत असता त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली होती. फाइली दाबून लहान करणाऱ्या 'एक्सझेड' नावाच्या एका छोट्याशा सॉफ्टवेअरमध्ये कोणी तरी चोरदरवाजा बसविला होता. हे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य संगणकांत असते. चोरदरवाजाची ती आवृत्ती सर्वत्र पसरली असती, तर जगभरच्या संगणकांच्या किल्ल्या एका अनोळखी हातात गेल्या असत्या. 'जिया टॅन' हे नाव धारण करणाऱ्या कोणा एकाने (किंवा एका टोळीने) दोन वर्षांहून अधिक काळ इमानेइतबारे काम करून, विश्वास संपादून, मग हा घात केला होता. ती व्यक्ती कोण, हे आजही जगाला ठाऊक नाही.

चार-सहा दिवसांत ही वार्ता जगातील मोठमोठ्या वृत्तपत्रांत झळकली. वार्ताहरांना साहजिकच काही गोष्टी हव्या होत्या : संस्थेचे नाव, तिचा अध्यक्ष, प्रवक्त्याचा दूरध्वनी, जबाबदार अधिकाऱ्याचे निवेदन. यांपैकी काहीही उपलब्ध नव्हते. एक्सझेडचा सांभाळ करणारा फिनलंडमधील एकच माणूस होता आणि तो हे काम फावल्या वेळात, विनावेतन करीत होता. त्याने एक छोटीशी सूचना प्रसिद्ध केली. झाला प्रकार आपल्याला आधी पुरता समजून घ्यायचा आहे, तोवर वार्ताहरांना उत्तरे देणार नाही, असा तिचा आशय होता. त्यानंतर तो प्रत्येक फेरफार तपासण्याच्या कामाला लागला.

हे मौन म्हणजे बेजबाबदारपणा, की जबाबदारीची खरी जाणीव? वरवर लहान दिसणारा हा प्रश्न वस्तुतः बराच मोठा आहे. आजच्या व्यवहारातील फार मोठा भाग मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर उभा आहे. ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि पुढे वाटता येते, ते मुक्तस्रोत. खिशातील अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्स असते. इंटरनेटवरील बहुसंख्य सेवा लिनक्सवर चालतात. ज्या समुदायांनी हे घडविले, त्यांच्याविषयी समाजाला जे कळते ते वृत्तपत्रांतूनच. तेव्हा हे समुदाय वृत्तपत्रांशी कसे वागतात आणि वृत्तपत्रे त्यांच्याशी कशी वागतात, याची चिकित्सा करणे अगत्याचे ठरते.

दोन शब्दांची कथा

या संबंधाचा इतिहास दोन शब्दांत सामावलेला आहे. त्यांतील एक शब्द या मंडळींनी गमावला आणि दुसरा कमावला.

गमावलेला शब्द म्हणजे 'हॅकर'. अमेरिकेतील विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत हा शब्द कौतुकाचा होता. यंत्राच्या अंतरंगात शिरून चातुर्याने काम साधणारा तो हॅकर. १९८० नंतर संगणकांत चोरून शिरणाऱ्यांच्या बातम्या येऊ लागल्या आणि वृत्तपत्रांनी हाच शब्द त्या चोरांना लावला. मूळ हॅकरांनी १९८५ च्या सुमारास चोरांसाठी 'क्रॅकर' हा वेगळा शब्द पुढे केला, वार्ताहरांना वारंवार समजावून पाहिले. परंतु उपयोग झाला नाही. मथळ्यात एकदा रुजलेला शब्द काढून टाकणे कोणाच्याही हाती नसते. आज मराठी वर्तमानपत्रांतही 'हॅकर' म्हणजे बँक खाते रिकामे करणारा भामटाच.

दुसरा शब्द 'ओपन सोर्स', म्हणजेच मुक्तस्रोत. जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता खुली करण्याचे जाहीर केले. त्यानंतर ३ फेब्रुवारीस कॅलिफोर्नियातील पालो अल्टो येथे काही मंडळी एकत्र आली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ पासून चालविलेल्या चळवळीचे नाव होते 'फ्री सॉफ्टवेअर'. इंग्रजीत 'फ्री' या शब्दाचे दोन अर्थ होतात : स्वतंत्र आणि फुकट. स्टॉलमन यांना पहिला अर्थ अभिप्रेत होता. व्यापारी जगाला दुसराच ऐकू येई. त्या बैठकीत क्रिस्टीन पीटरसन यांनी 'ओपन सोर्स' हा शब्द सुचविला. एरिक रेमंड यांनी तो वृत्तपत्रांपर्यंत पोहोचविण्याचे काम अंगावर घेतले. एप्रिलमध्ये टिम ओरायली यांनी या क्षेत्रातील अग्रणींची एक सभा बोलाविली आणि दिवसअखेरीस या सर्वांना वार्ताहरांपुढे ओळीने बसविले. ऑगस्टमध्ये 'फोर्ब्स' या व्यापारी नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचे छायाचित्र झळकले. अवघ्या सहा महिन्यांत एका शब्दाने बाजारपेठ काबीज केली.

स्टॉलमन यांना मात्र हा विजय वाटला नाही. नवा शब्द सोयीचा खरा, पण त्यातून स्वातंत्र्याचा मुद्दाच गळाला, हा त्यांचा आक्षेप होता. मुलाखत घेणाऱ्याने आपले शब्द काटेकोरपणे वापरावेत असा आग्रह ते आजही धरतात. या आग्रहाची पुष्कळ थट्टा झाली आहे. परंतु 'हॅकर' या शब्दाची दशा ज्याने पाहिली, तो त्यांना केवळ हट्टी म्हणणार नाही. वृत्तपत्रांच्या सोयीसाठी आपले नाव बदलणाऱ्याने, नावाबरोबर आणखी काय गेले, याचा हिशेब ठेवावाच लागतो.

पुराव्याने दिलेले उत्तर

वृत्तपत्रांची मैत्री जितकी झटपट जुळते, तितक्याच झटपट ती विरते, याचा अनुभव पाच वर्षांतच आला. मार्च २००३ मध्ये 'एससीओ' नावाच्या कंपनीने आयबीएमवर एक अब्ज डॉलरचा दावा लावला. आपल्या मालकीच्या युनिक्सची संहिता लिनक्समध्ये चोरून घातली गेली आहे, असे तिचे म्हणणे होते. मे महिन्यात तिने लिनक्स वापरणाऱ्या सुमारे दीड हजार कंपन्यांना इशाऱ्याची पत्रे धाडली. व्यापारी नियतकालिकांतून लिनक्सचे भवितव्य धोक्यात असल्याचे लेख येऊ लागले. कंपनीला प्रवक्ते होते, वकील होते, रोज नवे निवेदन होते. लिनक्सच्या बाजूला जगभर विखुरलेले काही हजार प्रोग्रॅमर होते.

ऑगस्ट २००३ मध्ये लास व्हेगास येथील आपल्या मेळाव्यात एससीओने पडद्यावर 'चोरीचे' दोन नमुने दाखविले. त्यांतील एकाचा काही भाग कोणाला वाचता येऊ नये म्हणून ग्रीक अक्षरांत छापला होता! एका जर्मन प्रकाशनाने त्या पडद्याची छायाचित्रे प्रसिद्ध केली. ग्रीक अक्षरे म्हणजे केवळ टंकाचा फरक होता, तो तत्काळ उलगडला गेला. ब्रूस पेरेन्स व इतरांनी अल्पावधीत दोन्ही नमुन्यांचे मूळ शोधून काढले. एक तुकडा बर्कलीच्या प्रयोगशाळेतून खुल्या परवान्याखाली आलेला होता. दुसरा तुकडा युनिक्सच्या अगदी प्राचीन आवृत्तीतला, म्हणजे एससीओच्याच पूर्वावताराने २००२ मध्ये खुल्या केलेल्या संहितेतला होता. पुढे पामेला जोन्स यांच्या पुढाकाराने 'ग्रॉकलॉ' या नावाखाली शेकडो स्वयंसेवकांनी न्यायालयातील प्रत्येक कागद मिळवून, त्याची नक्कल करून, त्यावर टिपणे लिहून तो सर्वांपुढे ठेवला. प्रोग्रॅमर ज्या पद्धतीने संहितेतील चुका शोधतात, त्याच पद्धतीने त्यांनी खटल्याचे कागद तपासले.

ऑगस्ट २००७ मध्ये न्यायाधीशांनी युनिक्सचे हक्क एससीओचे नसून नॉव्हेल कंपनीचे असल्याचा निर्णय दिला. पुढील महिन्यात एससीओने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१० मध्ये ज्यूरीनेही हक्क नॉव्हेलचेच ठरविले. 'फोर्ब्स'मधून एससीओला अनुकूल लिहिणाऱ्या पत्रकाराने आपण फसलो, अशी जाहीर कबुली दिली. ही कबुली त्या पत्रकाराला भूषणावह होती, यात शंका नाही.

या प्रकरणाचा बोध स्पष्ट आहे. ज्याला प्रवक्ता नाही त्याने प्रवक्त्यांच्या भाषेत भांडू नये. त्याने कागद पुढे ठेवावेत. याला एक दुसरी बाजूही आहे. त्याच काळात लिनक्सच्या काही उत्साही समर्थकांनी प्रतिकूल लिहिणाऱ्या पत्रकारांवर शिवीगाळ आणि धमक्यांच्या पत्रांचा भडिमार केला. त्या पत्रांनी एकाही वाचकाचे मत बदलले नाही. उलट, ही सारी मंडळी माथेफिरू आहेत, हा पत्रकारांचा ग्रह पक्का झाला. पुराव्याने जे कमावले, ते संतापाने गमावण्याचा हा प्रकार होता.

दोष न लपविण्याचे व्रत

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही आपल्याकडील म्हण व्यवहारातील शहाणपण सांगते. मुक्तस्रोताचे तत्त्व नेमके या म्हणीच्या विरुद्ध आहे. 'डेबियन' या लिनक्सच्या एका प्रमुख समुदायाने १९९७ मध्ये समाजाशी केलेला एक करार प्रसिद्ध केला. आम्ही आमचे दोष लपविणार नाही, हे त्यातील एक कलम आहे. समुदायाला सापडलेल्या किंवा कळविल्या गेलेल्या उणिवांची यादी कोणालाही पाहता येते.

या व्रताची कसोटी मे २००८ मध्ये लागली. डेबियनच्याच एका सभासदाने २००६ मध्ये केलेल्या एका किरकोळ दिसणाऱ्या दुरुस्तीमुळे गुप्त किल्ल्या बनविणारी यंत्रणा निकामी झाली होती. कोट्यवधी कोटींतून निवडली जावी अशी किल्ली, एका प्रकारात, केवळ बत्तीस हजारांच्या आसपास पर्यायांतून निवडली जात होती. हा दोषही डेबियनच्याच लुसियानो बेल्लो या सभासदाने शोधला आणि डेबियनने तो स्वतःच जाहीर केला. दुबळ्या किल्ल्या ओळखण्याचे साधनही सोबत दिले. वृत्तपत्रांतून नाचक्की झाली. खुल्या संहितेतील दोष कोणाच्याही दृष्टीस पडतो, तर हा दीड वर्षांहून अधिक काळ कोणाच्याच दृष्टीस का पडला नाही, हा टीकाकारांचा प्रश्न रास्तच होता. खुले असणे आणि वाचले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ग्रंथालयाचे दार उघडे असले म्हणून प्रत्येक ग्रंथ वाचला जातोच असे नाही.

हाच धडा ७ एप्रिल २०१४ रोजी अधिक मोठ्या प्रमाणावर मिळाला. इंटरनेटवरील व्यवहार गुप्त राखणाऱ्या 'ओपनएसएसएल' या सॉफ्टवेअरमध्ये एक गंभीर दोष आढळला. गुगलच्या आणि फिनलंडमधील कोडेनॉमिकॉन या कंपनीच्या संशोधकांना तो स्वतंत्रपणे सापडला होता. कोडेनॉमिकॉनने त्याला 'हार्टब्लीड' असे नाव दिले आणि रक्त ठिबकणाऱ्या हृदयाचे बोधचिन्हही काढले. एरवी अशा दोषांना आकड्यांची रूक्ष ओळख असते. नाव आणि चित्र मिळताच हा दोष पहिल्या पानावर आला. तज्ज्ञांपैकी काहींनी या जाहिरातबाजीला नाके मुरडली. परंतु ज्या लाखो यंत्रांवर तातडीने दुरुस्ती व्हायला हवी होती, त्यांच्या चालकांपर्यंत वार्ता पोहोचली ती या चित्रामुळेच, हेही नाकारता येत नाही.

मग वृत्तपत्रे अपराधी शोधू लागली. ती चूक एका जर्मन संशोधक विद्यार्थ्याच्या हातून झाली होती. २०११ च्या अखेरच्या रात्री ती मूळ संहितेत समाविष्ट झाली, या योगायोगाचाही बराच गाजावाजा झाला. त्याने हे गुप्तहेर संस्थेच्या सांगण्यावरून केले काय, अशी शंका जाहीरपणे घेतली गेली. साधी नजरचूक होती, असे त्याला एका वृत्तपत्राला सांगावे लागले. ती चूक तपासणाऱ्याच्याही नजरेतून निसटली होती आणि त्या सॉफ्टवेअरवर अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्यांपैकी कोणीही दोन वर्षे ते वाचून पाहण्याची तसदी घेतली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याहून वेगळे काय?

खरी बातमी दुसरीच होती. जगातील व्यापाराचे रक्षण करणाऱ्या या प्रकल्पाला वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर देणग्या मिळत आणि त्यावर पूर्ण वेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता. प्रकल्पाचा आर्थिक व्यवहार पाहणारे स्टीव्ह मार्केस यांनी हे आकडे स्पष्टपणे लिहून प्रसिद्ध केले. कोणावर दोषारोप नाही, रडगाणे नाही, केवळ हिशेब. त्याचा परिणाम झाला. महिनाअखेरीच्या आतच लिनक्स फाउंडेशनने एक निधी उभारला. गुगल, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, फेसबुक, आयबीएम आदी कंपन्यांनी प्रत्येकी दर वर्षी किमान एक लाख डॉलर तीन वर्षे देण्याचे मान्य केले. वृत्तपत्री गदारोळातून काही विधायक निष्पन्न झाले, ते या हिशेबाच्या कागदामुळे.

उघड्या घरातील गुपित

असे असले तरी सर्वच गोष्टी तत्क्षणी उघड करता येत नाहीत. दुरुस्ती तयार होण्यापूर्वी दोष जाहीर झाला, तर तो चोरांच्याच कामी येतो. म्हणून काही काळ तो मोजक्या मंडळींतच ठेवण्याचा संकेत आहे. परंतु ज्या घराला भिंतीच नाहीत, तेथे कुजबुज करायची कशी?

२०१७ च्या उत्तरार्धात हा पेच उभा राहिला. 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' हे प्रोसेसरमधील दोष ९ जानेवारी २०१८ रोजी जाहीर करण्याचे ठरले होते. तत्पूर्वी लिनक्समध्ये दुरुस्ती करणे भाग होते आणि लिनक्समधील प्रत्येक दुरुस्ती चारचौघांत होते. स्मृतीची रचना बदलणारे एक मोठे काम, ज्याला एरवी फार वेळ लागला असता, ते विलक्षण घाईने का पुढे सरकते आहे, याचे जाणत्यांना नवल वाटू लागले. लिनक्सविषयक बातम्या १९९८ पासून देणाऱ्या 'एलडब्ल्यूएन' या नियतकालिकाने नोव्हेंबरमध्येच त्या कामाचे विवेचन केले होते. अखेर २ जानेवारीस 'द रजिस्टर' या ब्रिटिश वृत्तपत्राने दुवे जुळवून बातमी फोडली आणि दुसऱ्याच दिवशी सर्व कंपन्यांना घोषणा करावी लागली.

येथे पत्रकारांनी चोरून काही मिळविले नव्हते. जे उघड होते तेच वाचले होते. मुक्तस्रोताविषयी लिहिण्यासाठी सूत्रांच्या कानगोष्टींची गरज नसते. मूळ कागद समोरच पडलेले असतात. तरीही बहुतेक वार्ताहर प्रवक्त्याच्या शोधात हिंडतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी त्यांची अवस्था होते.

पूर्वसूचना देण्याचे दुखणे याहून निराळे आहे. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस ओपनएसएसएलने १ नोव्हेंबरला एका अतिगंभीर दोषाची दुरुस्ती येत असल्याचे जाहीर केले. आठवडाभर दुसऱ्या हार्टब्लीडची आवई उठली. प्रत्यक्षात तो दोष एक पायरी कमी गंभीर ठरला. कर्मचाऱ्यांना सज्ज राहता यावे म्हणून केलेली सूचना वृत्तपत्रांच्या हाती पडली की राईचा पर्वत होतो. म्हणून सूचना देणे सोडावे काय? नाही. सूचनेतच जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक नाही, त्यांच्यात स्पष्ट सीमारेषा आखावी, हाच यावरील उपाय आहे.

व्यक्ती आणि समुदाय

वृत्तपत्रांना माणूस हवा असतो. समुदायाचे छायाचित्र छापता येत नाही, माणसाचे येते. १९९८ मध्ये टोरवाल्ड्स हे असे माणूस ठरले आणि त्याचा लाभ लिनक्सला झाला. वीस वर्षांनी त्याची दुसरी बाजू दिसली. त्यांची सहकाऱ्यांना लिहिलेली पत्रे किती जहाल आणि अपमानकारक असत, हे त्या वर्तुळात सर्वज्ञात होते. ती सर्व पत्रे उघडच होती. सप्टेंबर २०१८ मध्ये 'न्यूयॉर्कर' या साप्ताहिकाने त्याविषयी त्यांना प्रश्न विचारले. लेख प्रसिद्ध होण्याच्या तीन दिवस आधी, १६ सप्टेंबरला, टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर क्षमा मागून काही काळ रजा घेतली. त्याच वेळी वर्तनाची नवी नियमावली स्वीकारली गेली. ऑक्टोबरमध्ये ते कामावर परतले.

बाहेरच्या माणसांनी आमच्या घरात नाक खुपसू नये, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ निघाले. परंतु जे दोष संहितेबाबत लपवायचे नाहीत, ते वागणुकीबाबत लपवावेत, हा कोणता न्याय? घरच्यांना ज्याची सवय होऊन गेली, ते परक्याच्या दृष्टीस खुपले. चांगल्या वृत्तपत्राचा हाच तर उपयोग.

एक्सझेडच्या प्रकरणात पुन्हा माणसांची गरज भासली. या वेळी फ्रॉइंड नायक ठरले, 'जिया टॅन' खलनायक ठरला. फिनलंडमधील त्या तिसऱ्या माणसाची कथा मात्र या चौकटीत बसत नव्हती. २०२२ मध्ये त्याने, आपली मनःप्रकृती दीर्घ काळ ठीक नाही आणि हा बिनपगारी छंद आहे, असे आपल्या सहकाऱ्यांना लिहून ठेवले होते. त्याच सुमारास अनोळखी नावांनी, कामाला उशीर का होतो, दुसऱ्याला अधिकार का देत नाही, असा तगादा त्याच्यामागे लागला होता. त्या तगाद्यातूनच 'जिया टॅन'ला आत येण्याची वाट मिळाली. एका थकलेल्या माणसाचा एकटेपणा हाच या कटाचा खरा चोरदरवाजा होता. फ्रॉइंड यांचे निवेदन येईपर्यंत त्याच्याविषयी कोणत्याही वृत्तपत्राने एक ओळ छापली नव्हती, आणि छापावी असे कोणास वाटण्याचे कारणही नव्हते. पूल कोसळला की बातमी होते. तो रोज उभा असतो याची होत नाही.

या पार्श्वभूमीवर त्याचे मौन बेजबाबदार म्हणता येत नाही. 'मी आधी समजून घेईन, मग बोलेन' हे सांगण्यात अपमान कोणाचाच नव्हता, आणि त्याने ते सांगितले होते हे महत्त्वाचे. मौन आणि पळ यांत हाच फरक आहे. परंतु एकट्या माणसावर अशी पाळी येणे, हे मात्र लांच्छन आहे. आणि ते त्याचे नव्हे, त्याच्या श्रमांवर फुकट विसंबणाऱ्यांचे. डेबियनसारख्या मोठ्या समुदायांकडे वार्ताहरांशी बोलण्यासाठी नेमलेली मंडळी असतात. छोट्या प्रकल्पांना ते शक्य नाही. त्यांच्या वतीने बोलण्याची आणि आणीबाणीत त्यांच्या पाठीशी उभे राहण्याची व्यवस्था लिनक्स फाउंडेशनसारख्या संपन्न संस्थांनी करावयास हवी.

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. लिबरऑफिस किंवा फायरफॉक्स मराठीतून वापरता येते, त्यामागे स्वयंसेवकांचे श्रम आहेत. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मराठीसह अनेक भारतीय भाषांतून मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे पाठ विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक आणि विद्यार्थी यांना हे सॉफ्टवेअर केवळ स्वस्त म्हणून नव्हे, तर त्याचे कागद उघडे आहेत म्हणून मोलाचे वाटले पाहिजे. पुढच्या वेळी एखाद्या सॉफ्टवेअरमधील भयंकर दोषाची बातमी येईल, तेव्हा दोष कोणी केला, एवढ्यावर वाचकाने थांबू नये. तो कोणी शोधला, कोणी जाहीर केला, दुरुस्त कोण करीत आहे आणि त्याला त्याचा मोबदला कोण देते, हे चार प्रश्न त्याने वृत्तपत्राला विचारावेत. वाचक असे प्रश्न विचारू लागला, तर वार्ताहरांनाही त्यांची उत्तरे शोधावी लागतील. आणि ती शोधण्यासाठी कोणा प्रवक्त्याची वाट पाहावी लागणार नाही.